सात नंबरची पोरगी

नवरा तिला फौजदारीण म्हणायचा, आणि ते काही उगाच नव्हतं. कुणी वाकडं वागलं तर ती भांडायची नाही की रडायची नाही. ती ते नीट घडी घालून मनात ठेवून द्यायची आणि वेळ आली की बरोबर बाहेर काढायची. वरच्या मजल्यावरच्या बाईनं एकदा हिच्या वाळत घातलेल्या चादरींवर पायपुसणं झटकलं होतं. ती बाई ते कधीच विसरून गेली. पण पुढे एकदा घराची किल्ली आतच राहिल्यामुळे ती जिन्यात बसून राहिली, तेव्हा फौजदारीण घरात असून तिला 'आत या' म्हणायला गेली नाही. दाराला कान लावून तिचे उसासे ऐकत बसली. त्या दिवशी तिला जेवण दोन घास जास्त गेलं.

परक्या देशात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती जेवण वाढायची. तिथे मात्र हा स्वभाव चपलांसारखा दाराबाहेर राहायचा. तिच्या बोलण्याची नक्कल करणारा फोरमन समोर येवो, नाहीतर रोज आपुलकीनं चौकशी करणारा म्हातारा वॉचमन, तिच्या डावातून दोघांनाही सारखंच पडायचं. पंक्तिप्रपंच करायचा नाही, हे तिच्या आईनं तिला लहानपणी मनगटावर चापट्या मारून शिकवलं होतं. कुणाचे उट्टे काढायचे तर त्याला बाकी हव्या तेवढ्या जागा आहेत, असं ती नवऱ्याला सांगायची.

लेक एकुलती एक. कॉलेजात जाणारी, अंगापिंडानं बापावर गेलेली, आणि रग्बी खेळणारी. हा खेळ कसा असतो हे आईला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. लेक चिखलानं माखलेले कपडे आणायची, आई नाक मुरडत ते भिजत घालायची, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध. मग एकदा दुसऱ्या गावाहून सामना खेळून लेक परतली ती हात गळ्यात बांधूनच. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

"कुणी केलं?" आईनं विचारलं.

"कुणी केलं काय, आई? खेळात होतं असं. त्यांच्या सात नंबरनं पाडलं मला."

झालं. सात नंबर. लेकीला वेणी घालता येईना, म्हणून आई रोज सकाळी तिची वेणी घालायची आणि प्रत्येक पेडाला त्या सात नंबरच्या पोरीचा उद्धार करायची. लेकीला शर्टात हात घालताना कळ आली की आईचे दात आपोआप एकमेकांवर घासायचे. हा खेळ आता बंद, असं तिनं जाहीर करून टाकलं. लेकीनं वादही घातला नाही. ती खोलीत जाऊन बसली, आणि तिचं ते गप्प बसणंही आईनं सात नंबरच्याच खात्यावर मांडलं.

त्यांच्या शेजारणीची मुलगी लेकीच्याच संघात होती आणि शेजारीण क्लबचं स्वयंपाकघर सांभाळायची. तिनं एक दिवस सांगितलं की सात नंबरवाला तोच संघ आता इथे खेळायला येतोय. सामना झाला की यजमानांनी पाहुण्या संघाला जेवू घालायचं, अशी या खेळाची रीतच आहे. वाढायला एक सराईत हात कमी पडतोय, येशील का? याआधी दोनदा नकार दिलेली बाई या वेळी इतक्या पटकन हो म्हणाली की शेजारीण बघतच राहिली.

नवऱ्यानं मात्र ओळखलं. "फौजदारीण, जरा बेतानं," तो म्हणाला. "पोरीला तिथेच वावरायचंय."

"मी काय करणार आहे? बघायला चाललेय," ती म्हणाली.

आणि तिला खरोखरच बघायचं होतं. त्या पोरीला जमिनीवर आपटलेलं, जमलं तर रडताना बघायचं होतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर वाढताना ती समोर येणारच होती.

मैदान गावाबाहेर होतं. कडेला लाकडी बाकं, मागे क्लबची बैठी इमारत. लेक गळ्यातला हात सांभाळत पाण्याच्या बाटल्यांपाशी उभी राहिली आणि आई शेजारणीजवळ बसली. सामना सुरू झाला आणि फौजदारीण चक्रावली. चेंडू अंड्यासारखा. पळायचं पुढे आणि चेंडू फेकायचा मागे. मध्येच सगळ्या पोरी एकमेकींच्या खांद्यात खांदे अडकवून रेड्यांसारख्या रेटू लागायच्या. कोण जिंकतंय, कशानं जिंकतंय, काही पत्ता लागेना. तिनं समजून घ्यायचं सोडून दिलं. तिला फक्त पाहुण्यांच्या पाठीवरचा सातचा आकडा हवा होता, आणि तो तिला सापडला. उंच, हाडकुळी, लाल रिबिनीची पोरगी.

'हीच ती. बघ कशी अंगावर धावून जातेय. डोळेच सांगतायत.'

त्याच संघातली बारा नंबरची बुटकी मुलगी मात्र तिला पाहताक्षणी आवडली. आपल्याकडची एक पोर तिच्याशी धडकून पडली तेव्हा हिनं हात देऊन तिला उठवलं, वर पाठीवरचा चिखल झटकला. हिच्या आईनं हिला काहीतरी वळण लावलंय, असं फौजदारीण शेजारणीला म्हणालीसुद्धा.

थोड्या वेळानं सात नंबर चेंडू घेऊन पळाली आणि आपल्या दोघींनी तिला असं आडवं केलं की ती तोंडावर आपटली. उठेचना. नाकातून रक्त आलं. फौजदारणीच्या छातीवरचा दगड उतरला आणि तिचे हात आपसूक टाळ्या वाजवू लागले. तीन-चार टाळ्या झाल्यावर तिच्या लक्षात आलं की अख्ख्या मैदानात तिच्याशिवाय कुणीच टाळ्या वाजवत नाहीये. पडलेली उठेपर्यंत सगळे गप्प. बाटल्यांपाशी उभ्या लेकीनं वळून आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. फौजदारणीनं हात मांडीखाली घातले, पण मनातल्या टाळ्या काही थांबल्या नाहीत.

सामना कोण जिंकलं हे तिला शेजारणीनं सांगितलं. आपणच जिंकलो होतो. न्हाणीघरातलं गरम पाणी संपलं होतं, त्यामुळे पोरी दारात बूट काढून तशाच चिखलाच्या कपड्यांत जेवायला आल्या. मटण आणि बटाटे घालून केलेलं दाट कालवण, पाव आणि कापलेली काकडी. फौजदारीण मोठ्या पातेल्यामागे डाव घेऊन उभी राहिली. बारा नंबर आली तेव्हा तिनं तळातून ढवळून मऊ मऊ तुकडे उचलले आणि वर आणखी अर्धा डाव घातला.

मग सात नंबर आली. एका नाकपुडीत कापसाचा बोळा. फौजदारणीचा हात क्षणभर थबकला. आईची चापट मनगटावर बसल्यासारखी वाटली. पण लगेच लेकीचा वेणी घालताना आवळलेला चेहराही आठवला. तिनं डाव वरच्यावर फिरवला. दोन हाडं, एक फुटका बटाटा आणि वरवरचा पातळ रस. वर पाव दिला तोही कडेचा करपलेला. पोरगी नाकातून घोगरं 'थँक्यू' म्हणून पुढे गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातून ताटात दुजाभाव झाला होता, आणि खरं सांगायचं तर तिला तो गोड लागला.

पातेलं निम्म्यावर आलं तेवढ्यात लेक हसत हसत आली. तिच्या धडधाकट खांद्यावर त्या बुटक्या बारा नंबरचा हात होता.

"आई, ही बघ. हिनंच मोडलं होतं माझं हाड. तू वाढलेलं आवडलं तिला, अजून मागतेय."

"ही? काहीतरीच काय. ही तर बारा नंबर. सात ती तिकडे बसलीय."

"अगं, नंबर जागेचा असतो, माणसाचा नाही. मागच्या वेळी ही सातच्या जागी खेळत होती. आज त्या जागी ती खेळली. ती बिचारी तर तेव्हा आलीच नव्हती."

फौजदारणीच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर आपटला. बुटकीनं मान लववून माफी मागितली, आणि मग ओठ वर करून समोरचा अर्धा तुटलेला दात दाखवला. तो त्याच सामन्यात, हाड मोडायच्या जरा आधी, तुमच्या लेकीच्या कोपरानं गेला, असं ती सांगत होती. लेक खिदळली आणि पुढच्या वेळी दुसराही पाडते म्हणाली. ते ऐकून आईला वाईट वाटायला हवं होतं. तिला नाही वाटलं. तिनं तो दात जरा जास्तच वेळ निरखून पाहिला.

मग तिनं बुटकीच्या ताटलीत डाव घातला. भरपूरही नाही, कमीही नाही, कँटीनमध्ये सगळ्यांना घालायची तेवढाच. हात पुसून एका भांड्यात तळाचे चांगले तुकडे काढले आणि सात नंबरच्या टेबलाशी गेली. त्या पोरीनं हाडंसुद्धा चोखून ताटली साफ केली होती, करपलेल्या पावासकट.

"मघाशी माझा हात आखडला," फौजदारीण तिच्या मोडक्यातोडक्या परक्या भाषेत म्हणाली. "आता पोटभर खा." पोरीला माफीचा पत्ताच नव्हता. ती आपली खूश होऊन खात राहिली, आणि तिचं खाणं संपेपर्यंत फौजदारीण भांडं धरून तिथेच उभी होती.

घरी जाताना आई लेकीच्या दुखऱ्या खांद्याच्या बाजूनं चालत होती, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

"आई, तू टाळ्या का वाजवल्यास ते कळलं मला, आणि सातच्या ताटलीत नुसती हाडं का पडली तेही," लेक म्हणाली. "पण हे माझं भांडण आहे ना? तू हिशोब ताटातच चुकता केलास तर मी मैदानात काय करू?"

आई तिच्या आणखी जवळून चालू लागली.

"मग? हात बरा झाल्यावर खेळू ना?"

"डॉक्टर हो म्हणेपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही."

"आणि म्हटल्यावर?"

आईनं थांबून तिच्या गळ्यातली झोळी नीट केली. "ती बुटकी पुढच्या वेळी कितव्या नंबरला खेळेल?"

"ते कसं सांगू? त्या दिवशी कळेल."

"राहू दे," आई म्हणाली. "तिच्या डाव्या भुवईपाशी तीळ आहे. मी बघून ठेवलाय."