घोंगडीची उशी

वैशाखाचं ऊन सकाळी आठलाच पत्र्यावर तापत होतं. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, अन् दगडाबाई बादल्यांनी टाकी भरत होती. जालना रोडवरच्या त्या दवाखान्यात ती बावीस वर्षं ऑपरेशन थेटरची मावशी. झाडायचं, पुसायचं, रक्ताच्या चादरी भिजवायच्या, अन् सिझेरियनच्या बाईच्या उजव्या कुल्ल्याखाली उशी सारायची.

उशी तिनंच केलेली. घोंगडीचा तुकडा घट्ट गुंडाळून वर रेग्झिन शिवलेलं, रोज औषधानं पुसलेलं. पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर केल्यावर बाई सरळ उताणी निजली, तर पोटाचं ओझं मोठ्या शिरेवर पडतं, बीपी घसरतो, बाळाला रक्त कमी पडतं. हे भूल देणाऱ्या सुरेखा मॅडमनी तिला सांगितलं होतं. तिला त्यात नवल वाटलं नाही. पिशोरला बापाची मेंढरं राखताना गाभण मेंढी उताणी पडली, की आधी तिला कुशीवर करायची, हे ती परकरात असल्यापासून शिकली होती.

टाकी अर्धी भरली तोच आतून हाक आली. आत गेली तर उशी जागेवर नाही. महिन्याभरापूर्वी आलेल्या अभय टेक्निशियननं ती कचऱ्यात टाकली होती. तपासणीवाले येणार, मेंढरांची घाण थेटरात दिसली तर आपली नोकरी जाईल, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला.

टेबलावर करमाडची सोनिया, पहिलटकरीण. सुई देऊन नुकतीच निजवलेली. मॅडमनी उशी मागितली तेव्हा अभयनं घडीची चादर सारली होती, ती तिच्या वजनानं पापडासारखी चपटी झाली.

"मळमळतंय," सोनिया पुटपुटली. ओठ पांढरे पडले. मशीनवर बीपीचा वरचा आकडा सत्तर.

मॅडम सलाईनमधून इंजेक्शन सोडू लागल्या. दगडाबाईनं अभयला खांद्यानं रेटलं, सोनियाच्या उजव्या अंगाला उभी राहून दोन्ही तळव्यांनी तिचं पोट डावीकडं लोटून धरलं.

"हात काढ, मावशी. पायरीनं राहा," अभय खेकसला.

"तू आकडा पाह्य. मह्या पायरीचं मंग पाहू."

ऐंशी. पंच्याण्णव. एकशे सहा. मॅडमनी मान न वळवता अभयला दोन चादरी घट्ट गुंडाळून आणायला लावल्या अन् मावशीला हात तसेच ठेवायला सांगितलं. गुंडाळी कुल्ल्याखाली गेली, तेव्हाच तिनं हात काढले. वीस मिनिटांनी सोनियाची पोरगी जन्मली अन् रडली, चांगली ठणठणीत.

दगडाबाईनं कचऱ्यातून उशी काढली, रेग्झिन उसवून फेकलं, घोंगडी उकळत्या पाण्यात टाकली. अभय दारात उभा.

"तपासणीत सापडली तर तुझं नाव सांगणार."

"सांग. दगडाबाई म्हण. अन् काऊन ठेवली तेबी सांग, तुला कळलं आसंल तर."

तो गेला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. नळाची धार बारीक झाली होती अन् टाकी अर्धीच होती. तिनं बादली लावली.