सोमवारी लेणी बंद असतात

फोन वाजेनासा झाला तेव्हा मी आधी फोनलाच दोष दिला. घराजवळच्या मोबाइलवाल्याकडे तो दोनदा नेला. दुसऱ्या वेळी त्यानं स्वतःच्या फोनवरून मला रिंग देऊन दाखवली आणि म्हणाला, "काका, फोन ठणठणीत हाय. तुम्हाला कोणी करतच नाय." इतकं स्पष्ट बोलायची काही गरज नव्हती.

मी अजिंठ्याचा गाईड. म्हणजे होतो. उमेदीची सगळी वर्षं सकाळची एसटी धरून सिल्लोडवरून फर्दापूर गाठायचं, दिवसभर लेण्यांत तोंड चालवायचं आणि अंधार पडल्यावर शहरात परतायचं, यात गेली. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून माझी सुट्टी सोमवारी. पोराची रविवारी. तो घरी असायचा तेव्हा मी कुठल्यातरी जोडप्याला भिंतीवरची चित्रं दाखवत असायचो, आणि मी घरी असायचो तेव्हा तो शाळेत. आता तो पुण्यात कंपनीत आहे, रविवारी फोन करतो. बायको गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही.

वेबसाइट पोरानंच बनवून दिली होती. एकच पान: माझा फोटो, नंबर आणि थोडी माहिती. त्यावरून रोज दोन-चार फोन यायचे. नागपूरहून, सुरतेहून, कुठून कुठून. निम्मे लोक एकच विचारायचे, सोमवारी लेणी उघडी असतात का? सगळीकडे लिहिलेलं असतं, तरी विचारायचे. मी आधी वैतागायचो आणि मग अर्धा तास बोलायचो. कुठलं लेणं सकाळच्या उजेडात बघावं, फाट्यावर गाडी ठेवून पुढं बसनं कसं जावं, पाणी किती घ्यावं. समोरचा "ठीक है, ठीक है" म्हणेपर्यंत माझं चालू.

गेल्या हिवाळ्यात तिथल्याच पायऱ्यांवर पाय घसरला आणि आधीच कुरकुरणारे गुडघे कामातून गेले. डॉक्टरांनी लेणी बंद केली. फोन मात्र चालू होते. उन्हाळ्यापासून तेही आटले. दिवाळीनंतरचा सीझन आला तरी चिडीचूप.

मग एके दुपारी मी स्वतःलाच सर्च केलं. हॉटेलं आली, टॅक्सीवाले आले, दुसरे गाईड आले. दोन वर्षांपूर्वी वारलेले एक सहकारीही आले, हसऱ्या फोटोसकट. मी कुठंच नव्हतो. वारलेला माणूस सापडतो आणि जिवंत सापडत नाही, ही कुठली रीत? मला खरंच राग आला.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की मेटा टॅग बदला, सर्चमध्ये वर याल. मेटा टॅग म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं, पण बदलायचे असतात एवढं कळलं होतं. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानावर, माडीवर, वेबसाइटी बनवणाऱ्या एक बाई बसतात. कठडा धरत धरत जिना चढलो.

"चाचा, आधी बसा," त्या म्हणाल्या. "काम भागा नहीं जाता."

त्यांनी माझं पान उघडलं आणि त्याच्यामागचा मजकूर दाखवला. पानाच्या माथ्यावर काही ओळी असतात. लोकांना दिसत नाहीत, सर्च इंजिनसाठी असतात. तेच मेटा टॅग. पहिल्या ओळीत नुसते शब्द होते आणि ते मी ओळखले. लोक काय शोधतील असं पोरानं विचारलं होतं, तेव्हा मीच हौसेनं सांगत सुटलो होतो. अजिंठा, लेणी, गाईड, वेरूळ, शहराची जुनी-नवी दोन्ही नावं.

"ह्याला आता कोणी विचारत नाय," त्या म्हणाल्या. "लई वर्षं झाली. ही दुसरी ओळ तुमच्या माहितीची. तिनं नंबर वर चढत नाय, पण नावाखाली ती दिसती. माणूस ती वाचून ठरवतो."

"आणि ही?" मी तिसरीवर बोट ठेवलं.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. "ह्याचा अर्थ, हे पान कोणाला दाखवू नको. बाकीचं सर्चवाला मानो ना मानो, हे मात्र बराबर मानतो."

"चुकून पडली असंल."

"नवं पान बनवताना घालतात, मग काढायची राहती. पण तुमचं तर आधी दिसत होतं ना? पासवर्ड कोणाकडं हाय?"

पासवर्ड फक्त पोराकडं होता. मी तिथूनच त्याला फोन लावला.

"मीच घातली ती ओळ, आबा," तो म्हणाला. आढेवेढे घेतले नाहीत. "फोन आला की तुम्ही येतो म्हणायचा. मागच्या वेळी असंच गेलात आणि पडलात. मला कळवलं कोणी, तर एका टुरिस्टनं."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर काढायला लावली असती."

"व्हय, लावली असती!" माझा आवाज चढला. बाईंनी उगाचच कपाट उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. "अरे, पडल्यापासून मी कोणाला येतो म्हणलो नाय. जायचं कोणाला होतं? फोन आला की बोलणं व्हायचं रे. दुसरं कोण बोलतं माझ्याशी?"

"पासवर्ड पाठवतो," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. पासवर्ड आला.

बाईंनी ती ओळ काढली. माहितीची ओळ नवी लिहायची का, असं विचारलं. मी सांगितलं आणि त्यांनी टाइप केलं: गुडघे गेलेत, लेण्यांत सोबत येणार नाही. पण काहीही विचारा, सांगीन. मी घरीच असतो.

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "चाचा, ह्यानं नंबर नाय वाढणार. आणि सर्चवाला हेच दाखवंल असंही नाय, कधी कधी मनानंच दुसरं वाक्य उचलतो. थोडे दिन सब्र करा."

सब्र केला. घरात फोन चार्जिंगला लावून त्याच्याजवळच बसायचो. आंघोळीला जातानाही दार थोडं उघडं ठेवायचो. कोणी बघायला नव्हतंच.

मग एका बुधवारी तो वाजला. पोराचं नाव दिसलं. तो अधल्या-मधल्या दिवशी कधी करत नाही, म्हणून घाईनं उचलला.

"नमस्कार," तो म्हणाला. "गाईडसाहेब बोलतात का? सर्चमध्ये तुमची ओळ वाचली. एक विचारायचं होतं. सोमवारी लेणी उघडी असतात का?"

ही गोष्ट त्याच्याइतकी कोणालाच पाठ नाही.

"नसतात," मी म्हणालो. "सोमवारी गाईड घरी असतो."

"मग एखाद्या सोमवारची रजा टाकतो," तो म्हणाला.

कोणत्या सोमवारची ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून दर सोमवारी मी अर्धा लिटर दूध जास्त घेतो.