गेनिया मावशीचा गालिचा आणि फादरची टाच

आमच्या गावात जूनमधल्या ख्रिस्तदेहाच्या सणाला चर्चपासून पार दफनभूमीच्या वळणापर्यंत रस्ता फुलांनी झाकतात. ज्याने त्याने आपल्या घरापुढचा तुकडा भरायचा. संध्याकाळी मिरवणुकीत फादर ख्रिस्तदेह मानलेल्या भाकरीचं सोनेरी पात्र धरून मधोमध चालतात, आम्ही बाकीचे कडेकडेने. गालिचा तुडवायचा मान त्यांचा एकट्यांचा.

गेनिया मावशी माझी शेजारीण. वय एकोणऐंशी, जीभ पंचविशीतली. यंदा मार्चमध्ये गुडघा बदलला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की जमिनीवर बसायचं नाही. बाई बसलीच नाही, उशी घेऊन पालथी पडली आणि पहाटेपासून रस्त्यावर लाल पाकळ्यांनी पवित्र पेल्याचं चित्र भरत राहिली. मी मदत करू का विचारलं, तर म्हणाली, तुझ्या हातचं सगळं वाकडं. मग जरा थांबून म्हणाली, "पुढच्या वर्षी माझ्याच्याने व्हायचं नाही रे. एवढ्यावरून देव चालून गेला की मी सुटले."

त्यानंतर दिवसभर तिने काठी घेऊन पहारा दिला. कोंबडी, मांजर, पोस्टमन, कुणाची गय केली नाही. दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला एक सायकलवाला वाकून फुलं बघायला लागला. त्यालाही ऐकवलं, "पाऊल टाकलंस तर तंगडी मोडून हातात देईन." बिचारा सायकल उचलून पळाला. ते आमचे नवे फादर बोगुमिल होते. गावात येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि मावशीचा चष्मा घरात होता.

संध्याकाळी फादरच्या डोक्यावरच्या छत्राची एक दांडी माझ्या हातात होती. सगळं नीट चाललं होतं. मावशीचं घर आलं, तिची काठी दिसली आणि फादर सरळ गटाराच्या कडेला सरकले. त्यांच्यामागे छत्र तिरकं झालं, समोरचा दांडीवाला गटारात उतरला. पेला जसाच्या तसा राहिला. मावशीचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

मग ती काठी टेकत रस्त्यात आडवी आली. "फादर, वाट चुकलात."

फादर हळूच म्हणाले, "मावशी, दुपारी तुम्हीच म्हणालात ना, तंगडी..."

मावशीने डोळे बारीक करून त्यांना नीट पाहिलं. "ते सायकलवाल्याला," ती म्हणाली. "तुमच्यासाठी तर पहाटेपासून पालथी पडलेय. तुडवा."

आम्ही सगळे चार पावलं मागे गेलो. फादर चवड्यांवर, जपून निघाले.

"टाच टेकवा," मावशी म्हणाली.

त्यांनी टेकवली. पेल्याच्या बरोबर मधोमध.

मिरवणूक संपवून परत आलो तर मावशी त्याच जागी उभी होती. सपाता काढून तिने आपला सुजलेला पाय फादरच्या ठशात ठेवला होता. मला म्हणाली, "पाय मोठा आहे पोराचा. छान तुडवलंय." आणि डोळे पुसत मला झाडू आणायला पिटाळलं.