पुसलेले वण

चेहरा सुधारण्यात माझा हात धरणारं तेव्हा ठाण्यात कोणी नव्हतं. ही बढाई असेल, पण खरी आहे. यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फोटोचं दुकान थाटलं. पुढच्या खोलीत ते फोटो काढत आणि मागे खिडकीशी बसून मी काचा दुरुस्त करी. फोटो आधी काचेवर उमटतो, तोही उलट्या रंगांत: काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. त्या काचेवर बारीक टोकाची शिसपेन्सिल फिरवली की कागदावर येणाऱ्या चेहऱ्याच्या सुरकुत्या जातात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, माणूस दहा वर्षांनी लहान होतो. कल्याणहून लोक आगगाडीने येत ते यांच्या कॅमेऱ्यासाठी नव्हे, माझ्या पेन्सिलीसाठी, असं मी यांना चिडवत असे. ते हसत, पण नाही म्हणत नसत.

देवीच्या वणांवर तर माझा खास हात बसला होता. त्या काळी दर चार माणसांत एकाच्या तोंडावर ते असायचेच. मला सहाव्या वर्षी देवी आल्या होत्या, गालांची नुसती चाळण झाली होती. वणाचा खड्डा कुठे खोल असतो, उजेड त्याच्या कोणत्या कडेवर चमकतो, हे मला शिकावं लागलं नाही. खड्डा पेन्सिलीने भरायचा आणि चमकणारी कड चाकूच्या टोकाने खरवडायची. पेन्सिल पुसता येते. चाकूने खरवडलेलं मात्र कायमचं जातं. आलेला प्रत्येक वण मी न विचारता काढून टाकी. कोणाला नको असेल, असं माझ्या मनातसुद्धा कधी आलं नाही.

एकदा खाडीकाठच्या एका गावातून, मिठागरं असलेल्या घरातलं नवरा-नवरीचं जोडपं आलं. नवरी पंधराएक वर्षांची असेल, सगळ्या तोंडावर वण. डाव्या डोळ्याखाली एक चांगला खोल होता. मी त्या काचेवर दोन दिवस घालवले. फोटो पाहून सासरची मंडळी इतकी खूश झाली की पेढे घेऊन आली. यांनी त्या फोटोची आणखी एक प्रत नमुना म्हणून दारात टांगली.

चार-पाच महिन्यांनी एक बाई तोच फोटो फडक्यात गुंडाळून दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. त्या नवरीची आई. मीठ ओढून ओढून हाताची कातडी भेगाळलेली. आत या म्हटलं तरी ती ओटा चढेना. कष्टकऱ्यांनी आमच्यासारख्यांचा ओटा चढायचा नाही, अशी चालरीतच होती.

"ही माझी पोर नाय," ती म्हणाली.

फोटो बदलला असेल म्हणून मी तपासला. तोच होता. "ही तुमचीच मुलगी आहे हो," मी म्हटलं.

"लुगरं तिचंच हाय. तोंड नाय तिचा. तिचे तोंडावर देवीची खून व्हती, ती तुमी पुसलीत."

मला राग आला. माझ्या कामाला कोणी नाव ठेवलेलं मला खपत नसे. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "अहो, मुद्दाम काढलंय ते. मुलगी किती छान दिसते. तिलाच विचारा की."

"ती गेली," बाई म्हणाली. "सासरी, तापानं. मी जाईपरत त्यांनी नेली पन. शेवटचा तोंड बघाला नाय मिलला. त्यांनी मना ह्यो कागुद दिला. ह्यांत ती नाय."

काच जपून ठेवली होती, म्हणून सगळं पहिल्यासारखं करून देते असं म्हणाले. मनात वाटलं, त्यात काय मोठंसं.

टर्पेंटाइनच्या बोळ्याने मी काचेवरची पेन्सिल पुसली. दोन दिवसांचं काम घटकाभरात गेलं आणि एकेक वण परत आला. तेव्हा पहिल्यांदा मी त्या मुलीकडे नीट पाहिलं. ती थोडी हसत होती. वणांवर काम करताना ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फक्त डाव्या डोळ्याखालचा वण आला नाही. त्याची कड मी चाकूने काढली होती. तिथे आता नुसता बिनआकाराचा ठिपका होता आणि कागदावर त्याचा शाई सांडल्यासारखा डाग पडला असता.

मी बाहेर येऊन पायरीवर तिच्याशेजारी बसले आणि खरं काय ते सांगितलं. हातून चूक झाली, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच सांगत होते. म्हटलं, तो वण मला नव्याने काढावा लागेल, कसा होता ते सांगा.

तिला सांगता येईना. तिने हवेत बोट फिरवलं, आपल्या गालावर ठेवलं, मान हलवली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हात पुढे आला, अडखळला. "लावा," मी म्हटलं. तिने माझ्या डाव्या गालावर बोट टेकवलं. मोठेपणी त्या गालाला माझ्या नवऱ्याखेरीज कोणी हात लावला नव्हता.

"ह्यो असाच. तिचा वाईच लांबट. खाली निमुळता."

मी हातआरसा आणला आणि खिडकीशी बसून आपल्या गालावरचा वण पाहत त्या मुलीचा वण काचेवर रेखाटला. आरशात इतका वेळ मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड धुऊन कुंकू लावण्यापुरता आरसा, एवढाच आमचा संबंध. मग काचेखाली कागद ठेवून उन्हात धरला. कागद धुऊन वाळेस्तोवर दुपार कलली. बाई तिथेच बसून होती.

नवा फोटो तिने दोन्ही हातांत घेतला. कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहिला आणि डाव्या डोळ्याखाली येऊन थांबली. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही.

"आली," ती म्हणाली. मग त्या वणावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो माझा. देवी आल्यावर पोरीचं हात बांदून ठेवतात, खाजवू नये म्हनून. ती लय ररत व्हती. मी एक हात सोरला." माझ्या गालाकडे पाहून ती म्हणाली, "तुझे आयशीनं बी सोरलं असतील."

तिने अंदाजाने म्हटलं, पण ते खरंच होतं. माझे हात माझ्या आईने सोडले होते हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला माहीत होतं. आईचा हलगर्जीपणा, असंच सगळे म्हणत. माझं लग्न जमेना तेव्हा मीही एकदा तिला ताडकन बोलले होते, की तू हात सोडले नसतेस तर माझं तोंड धड राहिलं असतं. ती उठून चुलीकडे गेली होती. मग माझं लग्न झालं, दुकान चाललं, नाव झालं आणि ते बोलणं मी विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला माहेरी गेले. आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "आई, तेव्हा तू माझे हात का सोडलेस?"

तिने सूप खाली ठेवलं नाही. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"तू माझ्याकडे बघून बांधलेले हात पुढे केलेस गं," ती म्हणाली.