सहाणेवरचं स्पॅनिश नाणं

सासऱ्यांकडे पारखायला आलेलं तीनेकशे वर्षांचं स्पॅनिश नाणं मी देवघरातल्या सहाणेवर चंदनासारखं उगाळलं. वेडाच्या भरात नव्हे, चांगला विचार करून. त्या वयात मी माझ्या दृष्टीनं फार हुशार होते.

लग्न होऊन पुण्याहून काशीतल्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घरात आले, तेव्हा आईनं बजावलं होतं, "काशीत चपला सांभाळ, आणि गोड बोलणाऱ्यापासून चार हात लांब राहा." मी ते इतकं मनावर घेतलं, की दूधवाल्यानं नमस्कार केला तर त्या दिवशी दूध दोनदा गाळायची.

सासरे पाठशाळेत शिकवायचे आणि युरोपातली जुनी चांदीची नाणी जमवायचे. अकरा जमली होती. स्पेनचं मात्र वर्षानुवर्षं हुकत होतं. एक दिवस ठठेरी बाजारातला म्हातारा सराफ तेच घेऊन दारात हजर! "दो दिन घर में रखिए, गुरुजी. मन भरे तो लीजिए, नहीं तो लौटा दीजिए," म्हणाला, आणि चिठ्ठीचपाटी काही न करता निघून गेला.

चांदी अशी कोण सोडून जातं? नाणं रुपयाहून मोठं, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला क्रूस. आणि त्याच्याभोवती ठोकलेल्या बारीक बारीक खुणा: चंद्रकोर, फुली, ठिपके. आतली चांदी काढून तांबं भरलंय आणि या खुणांनी भोकं बुजवलीत, मी ठरवून टाकलं. सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तुला माझ्या कुंकवातही विटेची पूड दिसते."

सासरे पंचगंगा घाटावर गंगास्नानाला गेले नि मी सहाण ओढली. एकेक खूण गुळगुळीत होईपर्यंत घासली. तांबं काही निघेना. आतही चांदीच!

सासरे ओल्या धोतरानं दारात आले, तेव्हा मीच ऐटीत सांगितलं, "मामंजी, खरं आहे हो! खुशाल घ्या."

त्यांनी नाणं खिडकीशी धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. धोतराचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"अगं, बोटीवरून उतरल्यापासून ज्या ज्या सराफाच्या हाती हे गेलं, त्यानं त्यानं पारखून आपली खूण ठोकली होती," ते म्हणाले. "तुझ्याहून संशयी माणसांनी खरं ठरवलं होतं ते, सूनबाई. आता मी त्या म्हाताऱ्याला हे कुठल्या तोंडानं परत देऊ?"