डॉक्टरांचा खोकला

अडुळशाचा काढा उकळायला ठेवला की त्या कडवट वासानं मला नांदेडचं आमचं टायपिंगचं ऑफिस आठवतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटची माहिती बोलून पाठवायचे आणि आम्ही पोरी हेडफोन लावून ती टाइप करायचो. माझ्या शेजारी बसणाऱ्या भोकरच्या मैत्रिणीच्या वाट्याला आलेले म्हातारे डॉक्टर वाक्यागणिक खोकायचे. एक दिवस साहेबांनी सांगितलं, काम दुसऱ्या देशात चाललं, तिथं कंपनीला टॅक्स कमी लागतो. आम्ही सगळ्या रडकुंडीला आलो. ती मात्र म्हणाली, "सर, आमच्या डॉक्टरांचा खोकला लई वाढून राहिलाय. तिकडच्या पोरींना म्हनावं, त्यांना अडुळसा घ्यायला सांगा." आता म्हणे हे काम मशीनच करतं, आणि खोकला आपोआप गाळून टाकतं.