अक्काच्या कळांची वही

नोंदी ठेवायची माझी सवय जुनी आहे. पहिली वही भांडणातून सुरू झाली. आमचं गाव तुळजापूरपासून चार कोसांवर, तेव्हा निजामाच्या राज्यात. आडाचं पाणी आम्ही बहिणी आळीपाळीनं भरायचो. अक्का तेरा वर्षांची, मी दहाची. तिच्या ओटीपोटात कळा येऊ लागल्या की ती दोन-तीन दिवस उठत नसे आणि तिची पाळी माझ्यावर यायची. अन्याय लेखी असावा म्हणून मी पंचांगातली तिथी बघून लिहायची: ‘अक्का निजली, पाणी मी.’

पानं भरत गेली. कळा महिन्याच्या महिन्याला येत, पण अंगावर काही जात नसे, अक्का काही शहाणी होत नव्हती. हे आई, अक्का आणि मी, तिघींनाच ठाऊक.

अक्काचं लग्न नवव्या वर्षीच सोनारी गावच्या घरात झालं होतं. न्हाण आल्याशिवाय मुलीला नांदायला धाडत नसत. पंधरावं सरलं तसा सासूचा निरोप आला, "न्हाण येणार हाय का न्हाय? न्हायतर आमी दुसरी बघतो."

आई घाबरली. पुढच्या कळांच्या दिवशी तिनं अक्काला बाजूला बसवलं, न्हाण आलं म्हणून गल्लीत साखर वाटली, चौथ्या दिवशी न्हाऊ घालून मखरात बसवलं. हिरव्या लुगड्यात अक्का पोट दाबून बसलेली.

"नवरीचं त्वांड बघा की, एरंडेल पेल्यावानी!" एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

आईनं मला माजघरात ओढलं. "कुठं बोललीस तर जीब हासडीन."

अक्काची पाठवणी व्हायच्या आधीच रझाकारांची धास्ती वाढली आणि आम्ही हद्द ओलांडून सोलापूरला गेलो. अक्काच्या सासरची माणसंही तिथंच आली. तोवर अक्काच्या पोटात खाली टणक गोळा लागत होता. पोट पुढं आलेलं सासूच्या नजरेतून सुटलं नाही. तीच आम्हाला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"पाळी येते का?" बाईंनी विचारलं.

सासू आईकडे टक लावून बघत होती.

"येती की," आई म्हणाली. "म्हैन्याच्या म्हैन्याला."

"तपासावं लागेल."

"हात लावू द्यायची न्हाय मी. नांदायला जायाची पोर हाय."

बाईंनी अक्कालाच विचारलं. तिनं आईकडे बघून मान डोलावली. गाठ असेल, असं म्हणून बाईंनी औषधाची बाटली दिली. वही माझ्या पिशवीत होती. मी पिशवीचे बंद घट्ट धरून बसले.

पाच आठवड्यांनी अक्काला सणकून ताप भरला, लघवी अडली. पुन्हा त्याच बाई. या वेळी मी वही पुढं केली. बाईंनी तिथ्या मोजल्या.

"यात एकदाही अंगावर गेलं नाही?"

"न्हाय."

"मग न्हाण?"

"खोटं," मी म्हणाले.

आईनं पदर तोंडावर घेतला.

बाईंनी नंतर सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं. क्वचित एखादी मुलगी जन्मतःच अशी असते. गर्भाची पिशवी नीट असते, पाळीही सुरू होते, पण वाटेवर पडदा असल्यामुळे रक्त बाहेर पडत नाही, आतच साठत जातं. यात कुणाचा कोप नाही, कुणाचं पाप नाही. पडदा कापला तेव्हा काकवीसारखं काळं रक्त निघालं. त्याखाली पू होता. लवकर कळतं तर नुसता पडदा कापून भागलं असतं, आता पू आतवर पसरलाय, मुलाची आशा धरू नका, असं त्या म्हणाल्या. सासू तिथंच उभी होती. वर्षाच्या आत तिनं आपल्या लेकासाठी दुसरी बायको आणली.

आम्ही गावी परतलो. अक्का आमच्याकडेच राहिली. एका दुपारी ती म्हणाली, "ती वही वाच."

मी पहिल्या तिथीपासून वाचत गेले. अक्का निजली, पाणी मी. अक्का निजली, पाणी मी. तिनं मधे थांबवलं नाही.

"पयल्या खेपंला बाईंकडं गेलो, तवा ही जवळ हुती?"

"पिशवीत हुती."

अक्का उठली, घागर घेतली आणि आडाकडं गेली. मी सोबत निघाले तर म्हणाली, "तू बस. तुझं लई भरून झालंय."

लग्न होऊन मी सासरी जाईपर्यंत तिनं मला आडावर पाऊल ठेवू दिलं नाही. त्या दिवसांची नोंद मी ठेवली नाही.